कावळे नसलेलं जंगल

आमच्या घरातली महत्त्वाची बोलणी मिक्सर चालू असताना व्हायची. सिंगापुरात बिशानच्या त्या फ्लॅटला भिंती होत्या, पण नावालाच. शेजारच्या चिनी आजींच्या टीव्हीवरची मालिका आम्हाला तोंडपाठ होती, तेव्हा आमची भांडणंही त्यांना तोंडपाठ असणार, असा आईचा तर्क. त्यांना मराठी येत नाही हे बाबांनी तिला कितीदा सांगितलं, पण भांडण कळायला भाषा कशाला लागते, असं तिचं म्हणणं. म्हणून बाबांना काही सुनवायचं झालं की ती आधी खोबरं, मिरच्या आणि कोथिंबीर भांड्यात घालायची, बटण दाबायची आणि मग तोंड उघडायची. एरवी कधी आवाज न चढवणारे बाबा त्या घरघराटात ओरडून उत्तर द्यायचे, आणि आईनं मध्येच बटण बंद केलं की त्यांचं अर्धं वाक्य उघड्यावर पडायचं. त्या वर्षी आमच्याकडे चटणी फार झाली. डबे भरभरून मी ती शाळेतल्या मैत्रिणींना नेऊन देत असे.

भांडणाचा विषय एकच होता, परत जायचं की नाही. बाबा हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटरची कामं बघायचे. 'चार-पाच वर्षांसाठी' म्हणून ते आले तेव्हा मी बोबडं बोलत होते, आणि आता मी ओ लेव्हलच्या, म्हणजे तिकडच्या दहावीच्या, परीक्षेला बसणार होते. दोन-तीन वर्षांनी त्यांचा पास, म्हणजे तिथे राहून काम करायचा परवाना, वाढवून मिळायचा, आणि दर वेळी साताऱ्याहून अण्णा, म्हणजे माझे आजोबा, फोनवर विचारायचे, "मग? आता कधी?" बाबा म्हणायचे, "बघू." मराठीत या शब्दाइतका सोयीचा शब्द दुसरा नाही. अण्णांना त्यात होकार ऐकू यायचा, आईला नकार, आणि बाबांना स्वतःला काय ऐकू यायचं ते देव जाणे. आईला मात्र आता थांबायला वेळ नव्हता. इतकी वर्षं बाबांच्या पासवर घरी बसून काढल्यावर तिला बुओना व्हिस्टाच्या एका प्रयोगशाळेत काम मिळालं होतं. ती सकाळी गळ्यात ओळखपत्र अडकवून निघायची तेव्हा तिच्या चालण्यात एक तोरा असायचा, आणि मला तो फार आवडायचा. मला स्वतःला तर साताऱ्यात आठवड्याच्या वर करमत नसे. तिथे सगळे माझ्या मराठीला हसायचे.

अण्णा एस.टी.त कंट्रोलर होते. साताऱ्याच्या स्टँडवर उभं आयुष्य गाड्या पुकारण्यात गेल्यामुळे घरात मीठ मागितलं तरी ते फलाटावर ऐकू जाईल अशा आवाजात मागत. आदल्याच वर्षी ते आणि आजी तीन महिने आमच्याकडे राहून गेले होते. सिंगापूर त्यांच्या पसंतीस उतरलं नाही. "स्वच्छ आहे," एवढंच म्हणायचे, तेही दवाखान्याला म्हणावं तसं. एमआरटीतल्या, म्हणजे तिथल्या मेट्रोतल्या, घोषणा मात्र ते डोळे मिटून, जाणकारानं गाणं ऐकावं तशा ऐकत आणि म्हणत, "बाईचे उच्चार चोख आहेत." याखेरीज दोनच गोष्टींवर त्यांचा जीव जडला. एक काया टोस्ट. इमारतीखालच्या कॉफी शॉपमध्ये तो नारळाचा गोड लेप लावलेला खरपूस पाव ते रोज खायचे. त्यात अंडं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. "धर्म बुडेल आणि नाश्ताही," असं म्हणून आईनं आम्हा सगळ्यांची तोंडं बंद केली होती.

दुसरी गोष्ट बुकित तिमाचं जंगल. मी त्यांना एका रविवारी सहज घेऊन गेले, नंतर दर रविवारी तेच मला ओढून नेऊ लागले. शहराच्या मधोमध ती टेकडी आहे, आणि तिच्यावरचं रान कुणी तोडलेलं नाही म्हणून जुनं राहिलंय. डांबरी रस्ता संपून पायवाट सुरू झाली की आपल्या डोक्यावर कुणीतरी छत घातल्यासारखा अंधार होतो. झाडांचे बुंधे सरळ वर जातात, मान दुखेपर्यंत पाहिलं तरी पहिली फांदी सापडत नाही, आणि बुडाशी भिंतींसारखी मुळं पसरलेली असतात. ओल्या पानांचा वास, रातकिड्यांची एकसुरी किर्र, आणि बाकी काही नाही. तिथे शिरलं की अण्णांचा आवाज आपोआप खाली यायचा. एका आडवाटेवर लाकडी छपराखाली बाक होतं, समोर एक अवाढव्य झाड होतं. तिथे ते तासभर गुडघ्यांवर हात ठेवून बसत. "हे कुणी लावलेलं नाही गं," एकदा म्हणाले, "आपलं आपण आलंय. आणि किती निवांत आहे बघ." मी तेव्हा फोनमध्ये डोकं घालून बसले होते, तरी ते वाक्य माझ्या कानात राहिलं. आता माझेही गुडघे दुखतात, आणि निवांतपणासाठी माणूस कुठवर चालत जाईल हे मला चांगलं कळतं.

साताऱ्याला परत गेल्यावर काही महिन्यांनी अण्णा गेले. दुपारी जेवून वामकुक्षीला आडवे झाले ते उठलेच नाहीत. काकांचा, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाचा, फोन आला तेव्हा बाबा ऑफिसात होते. ते घरी आले, बूट न काढता सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "पासपोर्ट माझ्याकडे नाहीये." पास वाढवायचा म्हणून पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला होता. खरं तर अशा प्रसंगी तातडीनं मागितला तर मिळतो, हे आमच्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक होतं. बाबा दुसऱ्या दिवशी एकदा वकिलातीत जाऊन आले. "मागितलास का?" आईनं विचारलं. "गर्दी होती," ते म्हणाले, "उद्या जातो." तो उद्या काही आला नाही. काकांनी अग्नी दिला, काकांनीच दिवस केले. बाबा सकाळी अंघोळ करून भिंतीकडे तोंड करून बसत, मग ऑफिसला जात. त्यांना वडिलांचं दुःख नव्हतं असं कुणी म्हणू नये. ते मी पाहिलंय, कपाटाच्या दाराआड उभं राहून ते रडायचे. पण त्या घरात जाऊन आजीसमोर बसायचं, आणि तिनं 'आता कधी?' विचारायचं, याची त्यांना धास्ती होती. हे आईला कळलं होतं, मलाही कळलं होतं, आणि आम्ही दोघी गप्प बसलो. मिक्सरही त्या दिवसांत बंद होता.

दहावा शनिवारी आला. दुपारची जेवणं टेबलावर तशीच होती, काकांचा फोन स्पीकरवर. माहुलीच्या घाटावर नदीच्या काठी पिंड ठेवले होते, अण्णांच्या आवडीचं सगळं शेजारी मांडलं होतं, आणि कावळे येऊन बसले होते पण एकही शिवत नव्हता. फोनमधून त्यांचा नुसता कालवा ऐकू येत होता. गेलेल्या माणसाची काही इच्छा अडकलेली असली की कावळा शिवत नाही, आणि मग घरची माणसं एकेक करून 'हे करू, ते बघू' असं कबूल करतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. काका दमले होते. "सगळ्यांचं सांगून झालं दादा. आईला अंतर देणार नाही म्हणून मी सांगितलं. मामांनी सांगितलं. हलत नाहीत. आता तू सांग. त्यांचा जीव कशात होता ते तुला माहितीय. फोन धरतो मी पिंडापाशी." मग घाटावरचे आवाज मोठे झाले, पाणी, वारा, कावळे. बाबा फोनवर वाकले. "अण्णा," ते म्हणाले, "मी सुहास." आणि पुढे काही नाही. मी टेबलाची कड धरून बसले होते. आई उभी होती, तिच्या हातातल्या आमटीच्या डावातून थेंब फरशीवर पडत होते आणि तिला भान नव्हतं. पलीकडे सातारा वाट बघत होता, अलीकडे आम्ही दोघी. बाबांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी काकांचाच आवाज आला, "दादा? आहेस ना?"

घाटावर मग दर्भाचा कावळा करून शिववला. तशी सोय आहे शास्त्रात, अगदीच अडलं तर. पण काकांचं समाधान झालं नाही. "दादा, मला चैन नाही पडायची," ते म्हणाले. "तू उद्या तिथे ठेव. पिंड नको, नुसता भात ठेव पानावर. त्यांना ते तुमच्याकडचं जंगल आवडायचं ना? तिथेच ठेव, आणि काय ते बोल. आई तर रात्रीपासून जेवली नाहीये. आम्ही फोनची वाट बघतो." बाबा म्हणाले, "ठेवतो." किती दिवसांनी त्यांच्या तोंडून 'बघू' सोडून दुसरं काही निघालं होतं.

फोन ठेवल्याबरोबर आईनं मिक्सर लावला. भांड्यात काही नव्हतं, रिकामाच. आई एरवी बाबांना नावानं हाक मारायची, 'अहो' फक्त सासरच्या माणसांसमोर, नाहीतर राग डोक्यात गेला की. "अहो," ती ओरडली, "कावळ्याला काय कबूल करणार आहात ते आधी मला सांगा." बाबा म्हणाले, सांगण्यासारखं काही नाही. ती म्हणाली, "आहे. तुम्ही जे कबूल कराल ते एकट्याचं नसणार. ते माझं असणार, हिचं असणार. आणि मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मागे घेता येत नाही, मग मानणारा असो की न मानणारा." "माझे वडील आहेत ते!" बाबा ओरडले. तेवढ्यात आईनं बटण बंद केलं होतं, आणि ते वाक्य घरभर घुमलं. शेजारच्या टीव्हीचा आवाज एकदम बारीक झाला. मी खोलीत जाऊन भूगोलाचं पुस्तक उघडून बसले, पण अक्षर दिसत नव्हतं. इतकी वर्षं टांगलेली गोष्ट उद्या एका भाताच्या मुदीवर ठरणार होती. बाबा तिथे 'येऊ' म्हणाले तर आम्ही जाणार, कारण बाबांनी आजवर दिलेला शब्द मोडला नव्हता. म्हणून तर ते शब्द द्यायचेच नाहीत.

रविवारी पहाटे उठून आईनंच भात केला. अंघोळ करून, कुणाशी न बोलता, मीठ न घालता, वर काळे तीळ. तिचा या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, पण भात तिनं मन लावून केला, एक शीत मोडू दिलं नाही. बाबा खाली जाऊन काया टोस्ट घेऊन आले. "अंडं आहे त्यात," आई म्हणाली. "आता कळलंच असेल की त्यांना," बाबा म्हणाले. दोन दिवसांत पहिल्यांदा बाबांच्या ओठांचा कोपरा हलला. घराच्या आसपास भात ठेवायची सोय नव्हती. एका पितृपक्षात बाबांनी खिडकीच्या कठड्यावर कावळ्यासाठी घास ठेवला होता, तर चार दिवसांत लिफ्टपाशी 'पक्ष्यांना खायला घालू नये' अशी नोटीस लागली आणि सगळे आमच्याकडे बघू लागले. त्यामुळे जंगलच बरं, असं बाबांचं म्हणणं. मी म्हटलं, "बट बाबा, फॉरेस्टमध्ये क्रोज नसतात. दे आर ऑल ॲट द हॉकर सेंटर." बाबा म्हणाले, "जंगल म्हटलं की कावळा असतोच." साताऱ्याच्या माणसाला रान म्हणजे काय, कावळा म्हणजे काय, हे पंधरा वर्षांच्या पोरीनं सांगायचं? आईही तोवर डबा बांधू लागली होती. माणूस उरलेलं अन्न टाकतो तिथे, हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या ठेल्यांपाशी, कावळा राहतो, आणि त्या टेकडीवर माणसं उष्टं टाकत नाहीत, दंड होतो, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

बसमध्ये बाबा ऑफिसची बॅग मांडीवर घेऊन बसले होते, आत केळीच्या पानात बांधलेला डबा. टेकडीच्या पायथ्याशी पाटी होती. माकडाचा फोटो, खाली ठळक अक्षरांत, कुठल्याही प्राण्याला खायला घालणं गुन्हा आहे. बाबा ती पाटी पूर्ण वाचून उभे राहिले. पास अजून वाढवून मिळायचा होता. अशा वेळी नावावर एवढासा डाग म्हणजे काय, हे बाहेरून आलेल्या माणसालाच कळेल. "राहू दे का?" आई हळू म्हणाली. बाबांनी नकारार्थी मान हलवली आणि ते चढायला लागले. मी मागे वळून वळून बघत होते. टोप्या घातलेली म्हातारी जोडपी, धावणारी मुलं, सगळे आमच्या बॅगेकडेच बघतायत असं वाटत होतं. आडवाटेला लागलो आणि माणसं संपली. छत आलं, अंधार आला, किर्र आली. अण्णांबरोबर यायचे तेव्हा ही शांतता मला कंटाळवाणी वाटायची, त्या दिवशी मात्र तीच अंगावर आली.

अण्णांच्या बाकासमोर, त्या झाडाच्या दोन मुळांच्या बेचक्यात बाबांनी पान पसरलं. भाताची मूद, तीळ, शेजारी टोस्ट. पाणी फिरवलं, हात जोडले, आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो. काही आलं नाही. खूप वेळ काही आलं नाही. मग वरून एक काळा पक्षी झपकन खालच्या फांदीवर येऊन बसला, शेपटीला दोन लांब दोरे लोंबत होते. "आला!" बाबा कुजबुजले. आई म्हणाली, "सुहास, तो कोतवाल आहे." "काळा तर आहे," बाबा म्हणाले. "चालेल का?" हे विचारायचं कुणाला? कोतवालानं आमच्याकडे पाहिलं, शिट्टीसारखा आवाज काढला आणि निघून गेला. तेव्हा कुठे बाबांनी मान वर करून झाडांच्या शेंड्यांकडे पाहिलं आणि इथे कावळा येणार नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. तरी ते बोलू लागले. साताऱ्याला वचन दिलं होतं ना. "अण्णा, आईला अंतर देणार नाही." थांबले. "धाकट्यावर सगळं टाकणार नाही." थांबले. "पोरीला मराठी नीट शिकवीन, लिहायलासुद्धा." मला विचारल्याशिवाय मला पणाला लावलं याचा एवढ्यातही मला राग आला. आता एकच गोष्ट उरली होती, आणि ती काय ते आम्हा तिघांना ठाऊक होतं. आईनं माझं मनगट धरलं. तिची बोटं गार होती आणि ती इतकी जोरात रुतली की मला ओरडावंसं वाटलं. बाबांनी डोळे मिटले.

"अण्णा," ते म्हणाले, "आम्ही…"

झाडामागून माकड आलं. आवाज नाही, काही नाही, नुसतं आलं, आणि टोस्ट उचलला. त्याच्यामागे आणखी दोन. मी किंचाळले. बाबांनी डोळे उघडले, पुढे झेप घेतली आणि पानावर दोन्ही हातांची ओंजळ पालथी घालून गुडघ्यांवर बसले. माकडानं दात विचकले. आईनं छत्री आपटली, माकडं दोन पावलं मागे सरली, पुन्हा पुढे आली. एवढ्या गलक्यात पायवाटेवरून कुणीतरी धावत आलं. हिरवा शर्ट, छातीवर बिल्ला, मध्यम वयाचा मलाय माणूस. जंगलाचा अधिकारी. त्यानं काठीनं जमीन ठोकून माकडं पिटाळली, मग आमच्याकडे वळला. बाबा अजून तसेच, गुडघ्यांवर, भातावर हात धरून.

"अंकल, यू फीडिंग द मंकीज, आह?"

"नो, नो," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता. "नॉट फीडिंग. माय… माय ब्रेकफास्ट."

"ब्रेकफास्ट?" त्यानं पानाकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. "ऑन द ग्राउंड?"

बाबांनी पान उचललं. बाकावर जाऊन बसले, पान मांडीवर घेतलं. आईनं माझं मनगट सोडलं. काय होणार आहे ते तिला माझ्या आधी कळलं होतं. "अहो," ती म्हणाली, आणि तो 'अहो' रागाचा नव्हता. बाबांनी मुदीचा कोपरा मोडला, घास केला आणि तोंडात घातला.

गेलेल्या माणसासाठी काढलेलं अन्न जिवंत माणूस खात नाही. हे मला कुणी कधी शिकवलं नव्हतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. अधिकारी हलेना. त्याची खात्री पटली नसावी, किंवा माकडं परत येतील म्हणून तो आमची राखण करत असेल. भलाच माणूस होता, आज वाटतं. "ओनली राइस, आह?" त्यानं विचारलं. बाबांनी मान हलवली. "माय फादर लाइक्स दिस प्लेस," ते घास चावत म्हणाले. "ओह. फादर नॉट कमिंग टुडे?" बाबा थांबले. गिळलं. "नो," ते म्हणाले, "नॉट कमिंग." "नेव्हर माइंड, नेक्स्ट टाइम ब्रिंग हिम," तो म्हणाला. "बट नो फूड इनसाइड लाह, अंकल. मंकी सी, मंकी कम." आणि तो उभा राहिला, शेवटच्या शितापर्यंत. बाबांनी एकेक तीळसुद्धा बोटानं टिपून खाल्ला. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि त्याला वाटलं असेल घाम आहे, कारण त्या हवेत सगळेच निथळत असतात. मी हात मागे बांधून उभी होते. मला बाबांची शिसारी आली, आणि त्याच क्षणी ते मला इतके प्रिय वाटले की छातीत दुखलं. दोन्ही एकदम होऊ शकतं हे तोवर माहीत नव्हतं.

उतरताना आईनं पाण्याची बाटली दिली, बाबा प्यायले. "अळणी होता," एवढंच म्हणाले, जणू काही घरी जेवून उठलेत. आईनं रिकामं पान घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. मला विचारायचं होतं की 'आम्ही'च्या पुढे काय होतं, पण धीर झाला नाही. माकड आणखी क्षणभर थांबलं असतं तर आम्हा तिघांचं आयुष्य कुठे गेलं असतं, हे त्या उतारावर मला समजत नव्हतं, आणि पुढेही मी कधी विचारलं नाही. काही प्रश्न आईवडिलांना विचारायचे राहून जातात, आणि राहिलेलेच बरे असतात, असं आता मी म्हणते. तेव्हा मात्र ते वाक्य कुणीतरी पूर्ण करावं म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता.

रस्ता मोकळा झाला, ऊन आलं, आणि फोन वाजला. काका. बाबांनी स्पीकर लावला नाही, पण काका अण्णांचेच चिरंजीव, आवाज बाहेर येतच होता. "दादा, ठेवलास? शिवला का?"

बाबा रस्त्याच्या कडेला थांबले. त्यांनी आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही.

"शिवला," ते म्हणाले.

पलीकडे कुणीतरी मोठ्यानं सुस्कारा सोडला, कुणी देवाचं नाव घेतलं. घर माणसांनी भरलेलं असणार. "काय कबूल केलंस?" काकांनी विचारलं. "येतो म्हणालास ना?"

"नाही," बाबा म्हणाले. "आम्ही येत नाही म्हणून सांगितलं. इथेच राहतोय म्हणून सांगितलं."

आई माझ्या शेजारी होती. तिचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. मग फोनमध्ये खुडखुड झाली, तो हातातून हातात गेला, आणि आजीचा आवाज आला. आजी हळू बोलायची, म्हणून आम्ही दोघी नकळत जवळ सरकलो.

"सुहास," ती म्हणाली, "नक्की ना?"

"नक्की, आई."

"मग बरं झालं सांगितलंस. ते रोज संध्याकाळी विचारायचे, आला का त्याचा फोन, ठरलं का त्याचं." ती थांबली. "मलाही आता दाराकडे डोळे लावून बसायला नको." तिच्या बोलण्यात राग नव्हता, रडूही नव्हतं. ती खूप दमलेली होती. बाबांनी कपाळाला हात लावला आणि तसाच धरून ठेवला. आई पुढे झाली आणि तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, भर रस्त्यात, जे तिनं साताऱ्यात कधी केलं नसतं.

"ऐकतोयस ना?" आजी म्हणाली. "सकाळपासून काही पोटात गेलंय का तुझ्या?"

"हो आई," बाबा म्हणाले. "जेवलो."